उसन्या विस्तवाचं घर

अहो, तेरवी झाली. पाहुणे पांगले, पत्रावळी कुत्र्यांनी ओढून नेल्या, वसंता संध्याकाळच्या सर्व्हिस मोटरीने गोंदियाला परतला, आणि मोहटोल्याच्या बोडीच्या पाण्याकाठी उभ्या असलेल्या आपल्या मोटरीत मी एकटी बसले आहे. पोरगा मला आजच घेऊन जाणार होता. मी म्हटलं, चिचगडच्या बाजाराच्या दिवसापर्यंत थांब. त्यावर त्यानं जे तोंड केलं ते थेट तुमचं तोंड होतं, कार्बोरेटरमध्ये कचरा अडकला की तुम्ही करायचात तसलं. मला हसू आलं आणि पाठोपाठ रडू आलं. नवऱ्याच्या तेरवीला हसणारी बाई मोहटोल्यानं पहिल्यांदाच पाहिली असेल.

बाजाराच्या दिवशी तो जीप घेऊन येईल. सोबत कोहमाऱ्याचा एक हॉटेलवाला येणार आहे, त्याला आपली मोटर हवी आहे. नाक्यावर उभी करून तो तिच्यात चहा-भज्यांचं दुकान टाकणार. मी गोंदियाजवळ फुलचूरला आपल्या घरी परत जायचं, पडवीलगतच्या खोलीत राहायचं, नातवंडांना गोष्टी सांगायच्या. "आई, तू जंगलात मोटरीत एकटी राहून राहिली त लोक माह्या तोंडात शेण घालतील," म्हणाला. पोराचं चुकत नाही. माझंही मन चुकत नाही, ते इथून हलायला तयार नाही. जायचं की राहायचं, एवढाच प्रश्न आहे. आजवरचा प्रत्येक वाद आपण दोघांनी मिळून घातला. हा मला एकटीला घालायचा आहे. तुम्ही नुसतं ऐका. तसंही ऐकून न ऐकल्यासारखं करण्यात तुमचा हातखंडा होता.

खरं तर हे सगळं खूळ तुमचं. मी मुलींच्या शाळेतली मास्तरीण, घंटेला शाळा आणि घंटेला घर, मला फिरण्याची हौस कधी होती? तुम्ही राईस मिलमधले इंजिनमिस्त्री. नोकरी संपली तेव्हा मला वाटलं, आता घरामागच्या सांदवाडीत भाजीपाला लावाल, वसंताच्या पोरांना खांद्यावर घेऊन स्टेशनावर गाड्या दाखवाल. पण तुम्ही दोन-चार दिवस अंगणात येरझाऱ्या घातल्या आणि जेवता जेवता म्हणालात, "जनमभर इंजन फिरून राहिला, पट्टा फिरून राहिला, अन् मीच एक जाग्यावर. आता मी फिरतो. बाकीच्यायले राहू दे जाग्यावर."

"मग रेंगी जुंपा," मी म्हटलं. "बैलाला पेट्रोल लागत नाही."

"बैलाले रात्री बांधा लागते. मोटर सोताच उभी राहते."

 मला वाटलं, बोलण्यावारी जाईल. पण तुम्ही मोडीत निघालेली एक लांबलचक बस सुट्या भागांनी आणून अंगणात जोडून उभी केलीत. मग महिनोन्महिने ठोकाठोक. दोन खाटा, कपड्यांचं कपाट, देवघर, धान्याच्या कोठ्या, माझ्यासाठी खिडकीपाशी लिहायचं मेज. फुलचूरचे लोक संध्याकाळी बघायला यायचे आणि तुम्ही एखाद्या पुढाऱ्यासारखे पायरीवर उभे राहून समजावून सांगायचात. शेवटी नारळ फुटला, इंजिन सुरू झालं, आणि बस काही केल्या गल्लीच्या वळणावर वळेना. पुढे घेतली तर पाटलाची भिंत, मागे घेतली तर आपलाच कडुनिंब. तुम्ही घर मोजलं होतं, बस मोजली होती, गल्ली मोजायची राहून गेली. जन्मभर इंजिन जागेवर चालवणाऱ्या माणसाच्या हातून दुसरं काय होणार! तीन दिवस तुम्ही त्या गल्लीतून न जाता मागच्या शेताच्या धुऱ्यावरून जात-येत होतात. मी कुणासमोर हसले नाही. चुलीपुढे बसून पदर तोंडात कोंबून हसले, ते तुम्हाला ठाऊक होतं.

मग ही आली. फौजेची जुनी रुग्णगाडी, लढाई संपल्यावर लिलावात निघालेली, कुणा ठेकेदाराकडे गंजत पडलेली. आपल्या माजघराएवढीसुद्धा नव्हती. पण गल्लीतून निघाली, नाल्यातून निघाली, आणि जंगलातल्या फांद्यांखालूनही निघाली. भांडण सुरू झालं ते हिच्यात काय न्यायचं यावरून. तुम्ही पान्हे आणि नळ्यांचं अख्खं खोकं ठेवलंत आणि मला म्हणालात, स्वयंपाकाला दोन गंज बस झाले. मी म्हटलं, भात एकात, वरण एकात, मग भाजी काय तुमच्या टोपीत शिजवू? तिसरा गंज आला तेव्हा एक पान्हा कमी झाला. पितळी गुंड, जातं, पाटे, माझ्या लग्नातली परात, सगळं सुनेच्या स्वाधीन करून मी निघाले. वसंताच्या संसाराला खोल्या पुरत नव्हत्याच, म्हणून घर त्यांच्या नावानं मोकळं केलं. निघताना शकुन सून रडली. मी रडले नाही. मला वाटलं होतं, पहिल्या पावसाळ्यात हे खूळ ओसरेल आणि आपण गुपचूप घरी येऊ.

आणि ती फळी! रात्री खाली पाडायची, दिवसा भिंतीला टेकवायची. रुग्णगाडीत एका आजारी शिपायासाठी केलेली ती जागा, तिच्यावर आपण दोघं. कूस बदलायची तर दोघांनी एकदम बदलायची. तुम्ही 'हं' म्हणायचात, की मी झोपेतच वळायचे. अजूनही मी फळीच्या कडेलाच अंग चोरून निजते. बाजूची अर्धी जागा मोकळी आहे, तिच्यावर हात पसरायला धीर होत नाही. रात्री कूस बदलायची वेळ आली की मी वाट बघते. कुणीच हं म्हणत नाही, म्हणून एकाच कुशीवर पडून राहते आणि सकाळी खांदा दुखतो.

पहिल्या फेरीत आपण याच मोहटोल्याला आलो होतो. मुक्कामाला जागा हीच, बोडीकाठचं हे मोहाचं झाड. तुम्ही अगदी खुशीत होतात. कुणाला त्रास नाही, कुणाच्या दारात जायला नको, आपलं आपण. तुमच्या त्या लाडक्या स्टोव्हला पंप मारलात आणि मी भात टाकला. चिनोर तांदळाचा वास साऱ्या टोल्यावर गेला. मला वाटत होतं, माणसं मोटर बघायला येतील. कुणी फिरकलं नाही. पोरं दूर उभी होती, त्यांनाही हाका मारून परत नेलं. विहिरीवर गेले तर बाया बाजूला झाल्या. पाणी भरू दिलं, पण कुणी शब्द बोललं नाही. रात्रभर तुम्ही म्हणत होतात, "आपन केलं तरी काय?"

सकाळी जयतुराबाई आली. तेव्हा नाव कुठं माहीत होतं? गोंडाची म्हातारी, नवरा जंगलात लाकूड तोडता तोडता मेलेला, पोरगा आताही लाकूडच तोडतो. हातात काठी, आणि बोलणं त्या काठीहून कडक. मोटरीच्या दारात उभी राहून तिनं विचारलं, "आमच्या गावात का मरीची साथ आली हाय?"

तुम्ही गडबडलात. "नाही बाप्पा, काऊन?"

"मंग आमच्या गावात येऊन आपल्या आगीवर कायले शिजोलं? आमच्या चुली का विझल्या होत्या? मानूस गावात येते, पाय धुते, इस्तो मागते, मंग चूल पेटवते. तुमी त चोरासारके आले, अन् चोरासारके जेवले."

इतक्या वर्षांत मला कुणी असं फैलावर घेतलं नव्हतं, तेही पोरींना शिस्त लावण्यात जन्म गेल्यावर. पण बोलणं लागलं ते खरं होतं म्हणून. फुलचूरच्या घरी माझ्या सासूबाईसुद्धा शेजारून विस्तव आणायच्या. गोवरीचा तुकडा घेऊन जायचं, त्यावर निखारा ठेवून घ्यायचा, येताना दोन शब्द बोलायचे. काडेपेटी काय घरात नव्हती? पण विस्तव मागितला की माणूस शेजारी होतो. स्टोव्हच्या नादात आपण नेमकं तेच विसरलो होतो. मी लोखंडी शेगडी काढली, गोवरी उचलली आणि तिच्या मागे तिच्या घरी गेले. सासूबाई असत्या तर विस्तव कुणाच्या घरचा हे त्यांनी आधी विचारलं असतं. मी विचारलं नाही. तिनं चुलीतला लालबुंद निखारा गोवरीवर ठेवला, आणि म्हणाली, "आता बस. आंबील पिऊन जा." परत आले तर तुमच्याभोवती टोल्यातली सगळी पोरं आणि निम्मे बाप्ये. तुम्ही बॉनेट उघडून पुढारी झाला होतात.

तेव्हापासून तो आपला नेमच झाला. सालेकसा असो की नवेगावचा बांध, आमगावकडचं एखादं पोवारांचं खेडं असो की चिचगडपुढचा टोला, मोटर उभी राहिली की तुम्ही चाकांना दगड लावायचे आणि मी गोवरी घेऊन पहिल्या दिसेल त्या दारात जायचं. कुठं पोवारीत विचारपूस, कुठं छत्तीसगढी, कुठं हिंदी. इस्तो शब्द सगळीकडे कळायचा. कुणी आधी पायांवर पाणी घालायचं, कुणी वालासारख्या पोपटाच्या शेंगा ओटीत टाकायचं, कुणी लाखोळीच्या डाळीची वाटी द्यायचं. एका घरी तर विस्तव देता देता बाईनं नवऱ्याच्या कागाळ्या सुरू केल्या आणि मी पोहोचेपर्यंत गोवरीची राख झाली. तुम्ही मोटरीत बसून भुकेनं कावलेले. तुमच्या खिशात काडेपेटी होती हे मला माहीत होतं. तिच्यावर बिड्या पेटायच्या, शेगडी कधी नाही. तेवढी तुम्ही माझी मर्जी राखलीत. उपकार म्हणून सांगत नाही, पण आज आठवलं.

एकदा या जंगलातून घरी परतलो तर वसंता म्हणाला, आता आपण मध्यप्रदेशात नाही, मुंबई राज्यात आहो. तुम्ही कपाळावर हात मारलात. "पाय ना, आपन इतकं पेट्रोल जाळून जिथच्या तिथं, अन् हे घर जाग्यावर बसून दुसऱ्या राज्यात गेलं!" आठवडाभर भेटेल त्याला तुम्ही तेच ऐकवत होतात.

तो वाद मात्र राहूनच गेला. नवेगावच्या बांधावर सुरू झालेला. ऊन कलत होतं, पाणकोंबड्या पाण्यावर तुरतुरत होत्या, आणि तुमचा गुडघा सुजला होता. मी म्हटलं, हे असं किती दिवस? चाकांवर संसार होतो हो, म्हातारपण होत नाही. कुठंतरी थांबायला हवं. तुम्ही गुडघ्याला तेल चोळत म्हणालात, "थांबू ना. पर कुठं?" मी फुलचूर म्हटलं. तुम्ही मान हलवलीत. तिकडे आता सगळं शकुनचं आहे, आपण गेलो की ती आपल्याला पाट देते, म्हणजे आपण पाहुणे. मी म्हटलं, मग कुठल्याही गावात आपण पाहुणेच. तेव्हा तुम्ही जे बोललात ते मला शब्दान् शब्द आठवतं.

"आपन इतक्या गावात इस्तो मांगून राहिलो. आपल्या दारी कोनी आला का मांगाले? ज्या दिवशी येईन ना मास्तरीण, त्या दिवशी चाकं काढून टाकतो."

मी चिडले. म्हटलं, चाकावरच्या घरी कोण मरायला विस्तव मागायला येतंय! लोकांना ठाऊक असतं, आज आहे, उद्या नाही. अशा घराचा निखारा उसना घेऊन परत कुठं फेडायचा? ही पळवाट आहे तुमची. तुम्हाला थांबायचंच नाही. तुम्ही हसलात. त्यानंतर दरवर्षी आपण भांडलो, पावसाळ्यात फुलचूरला असताना भांडलो, हिवाळ्यात बाहेर पडल्यावर भांडलो. तुमचं म्हणणं थट्टेचं होतं की खरं, हे मला आजवर कळलं नाही. विचारायचं राहून गेलं. तुम्हीही कधी सरळ सांगितलं नाहीत.

यंदा इथं आलो तेव्हा तुम्हाला बरं नव्हतंच. छातीत कळ यायची, तुम्ही तिला वायू म्हणायचात. चिचगडच्या डॉक्टरकडे जाऊ म्हटलं तर, बाजाराच्या दिवशी जाऊ. त्या सकाळी धुकं होतं. बोडी दिसत नव्हती, नुसते बगळ्यांचे आवाज. मी नेहमीसारखी गोवरी घेऊन निघाले तर तुम्ही फळीवर पडल्या पडल्या म्हणालात, "आज इस्तो मांगाले जाऊ नोको. राखेत हाय कालचा."

मी शेगडीतली राख उकरून बघितली. खरंच होता, जयतुराबाईच्या चुलीतला आदल्या संध्याकाळचा निखारा, राखेखाली लाल. मला बरं वाटलं, एक खेप वाचली. तर मग पाणी आणते म्हणून मी घागर घेऊन विहिरीवर गेले. परत आले तर तुम्ही भिंतीकडे तोंड करून होतात. माझ्याशिवाय कूस बदलली होती. तेवढ्यावरूनच मला कळलं.

तेव्हापासून मी एकच गोष्ट घोळवते आहे. जाऊ नकोस म्हणालात ते विस्तवाबद्दल, की नुसतंच जाऊ नकोस? तुम्ही आयुष्यात कधी मला थांब म्हणाला नाहीत, मोटर चालवताना सोडून. सरळ बोलण्याची तुमची रीतच नव्हती. मला जे कळलं ते मी केलं. पण अहो, एकदा तरी बोलायचं होतं मोकळ्या तोंडानं.

वसंता पोहोचला तेव्हा दिवस कलला होता. गाडग्यात विस्तव घालायची वेळ आली. घरचा विस्तव लागतो, आणि घर तर हेच. मी शेगडीतला तोच निखारा दिला. म्हणजे तुम्हाला पोहोचवलं ते जयतुराबाईच्या चुलीनं. वसंतानं गाडगं धरलं, अख्खा टोला मागे चालला. तुम्ही कुणाचे सोयरे नव्हतात, तरी नाल्यावर प्रत्येक घरातला एक बाप्या लाकडाची मोळी घेऊन आला होता.

मग सुतकाचे दिवस. शेगडी थंड. फळीवर तुमच्या जागी पिठावर दिवा. टोल्यातून पाळीपाळीनं भात यायचा, वर कधी भाजी, कधी नुसती चटणी. माझ्या कपाळाकडे बघून इथं कुणी वाट बदलली नाही. तेरवीला फुलचूरहून बाया आल्या, त्यांनी मात्र रीतसर नजर चुकवली. मला राग आला नाही. मीही जन्मभर अशाच नजरा चुकवल्या असतील.

इथवर तेरवीच्या दिवशी लिहिलं आणि कागद गादीखाली सारला. आज पुढचं लिहिते. उद्या बाजार आहे.

सांगते, मी जायचं ठरवलं होतं. रात्री बोडीवर कोल्हे येतात, ते पूर्वीही यायचे, पण तेव्हा मधे तुमचं घोरणं असायचं. आता बाहेर कोल्हे आणि आत मी. मोटर मला चालवता येत नाही. एकदा तुम्ही शिकवायला गेलात तर ब्रेक कोणता हे विचारेपर्यंत मी ती धानाच्या बांधीत घातली होती. थंडी भरून आली, पाय घसरला, तर हाक कुणाला मारायची? फुलचूरला पाट का असेना, मिळेल तर खरा. असं मनाला समजावलं आणि काल सामान बांधायला घेतलं. मोटरीतलं सामान बांधायला लागतंय काय! तिन्ही गंज एकात एक बसले. तुमचा कोट खुंटीवर तसाच ठेवला. मग उगाच दाराशी बसून राहिले. इथून तिथवर माणूस दिसत नव्हता. सगळा टोला मळणीवर गेलेला. इतकं एकटं मला अंत्यविधीच्या दिवशीही वाटलं नव्हतं.

आज दुपारी भूक लागली. तेरवीनंतर ताट यायचं थांबलं होतं, तेरवीचं उरलेलं कालपर्यंत पुरलं, आता आपली चूल आपण पेटवायची. सवयीनं गोवरी उचलली, आणि पायरीवरच थबकले. नव्या विधवेनं कुणाच्या दारात जाऊन आग मागायची? इथं कुणी काही बोललं नसतं. पण माझं मलाच पाऊल टाकवेना. फुलचूर अंगातून इतक्या सहजी जात नाही. मी परत फिरले, तुमच्या कोटाच्या खिशात हात घातला. काडेपेटी होती, आणि अर्धी बिडी. काडी ओढली आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा आपली शेगडी आपल्याच आगीवर पेटवली. जयतुराबाईनं चोर म्हटलं होतं ते आठवलं. भात टाकला खरा, पण घास उतरेल असं वाटत नव्हतं.

भाताला उकळी फुटली तेवढ्यात काठीचा आवाज आला. जयतुराबाई. मला वाटलं, धूर बघून भांडायला आली. मी पदर सावरून उभी राहिले. ती पायरीपाशी थांबली. तिच्या हातात गोवरीचा तुकडा होता.

"बाई, इस्तो हाय का वो?" ती म्हणाली. "माही चूल विझली."

मी तिच्या खांद्यावरून पलीकडे पाहिलं. मोहापलीकडे तिचं घर, आणि कौलांतून धूर वर चढत होता. तो मी पाहिला, आणि मी पाहिला हे तिनं पाहिलं. 

"दे ना वो," ती म्हणाली. "पायते काय?"

चिमट्यातला निखारा दोनदा शेगडीत पडला. तिसऱ्यांदा गोवरीवर बसला. तिनं फुंकर घातली, पदराचा आडोसा केला, आणि जाताना मागे न बघता म्हणाली, "उद्या मी नाही येत. तूच येजो मांगाले." ती बांधावरून दिसेनाशी होईपर्यंत मी दारात उभी होते. भात खाली लागला. करपलेला भात मी सगळा खाल्ला, गंज खरवडून. तुमच्यासाठी नेहमीसारखी एक मूठ जास्त पडली होती, तीही खाल्ली आणि मग मात्र मोठ्यानं रडले. ऐकायला कुणी नव्हतं. तुम्ही असायला हवं होतं हो, आजच्या दिवशी तरी. हा वाद मी हरले. हरल्याचं ऐकायला समोर तुम्ही नाही.

तिन्ही गंज पुन्हा आकड्यांना टांगले आहेत. उद्या वसंता येईल, तोंड करील, ते मी बघून घेईन. तो हॉटेलवाला बिचारा कोहमाऱ्याहून एवढ्या लांब येणार, त्याला रिकाम्या हाती पाठवायचं जिवावर येतं. म्हणेन, बाप्पा, मोटर राहू दे, चारही चाकं घेऊन जा. टोल्यातली माणसं खाली लावायला दगड आणून देतील. फक्त जॅक सापडत नाहीये. खोकं उपसलं, फळीखाली बघितलं, सीटमागे बघितलं. जॅक कुठं ठेवलाय, तेवढं तरी सांगून जायचं होतंत.